वाचनालय वाचकांच्या अपेक्षेला उतरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि कुणी न विचारलेले काही)

आधी थोडं स्वतःबद्दल. मी एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयात देवघेव काउंटरला बसते. त्याआधी बरीच वर्षं काउंटरच्या पलीकडे उभी होते, म्हणजे साधी सभासद होते, त्यामुळे दोन्हीकडचं रडगाणं पाठ आहे. गेल्या वर्षी आम्ही वाचकांना फॉर्म वाटले, काही जणांना फोन केले, "तुम्हाला काय हवं आणि काय मिळतं" ते विचारलं. ते बघून इतर वाचनालयांतले लोक, लायब्ररी सायन्सची मुलं आणि आमचेच सभासद जे प्रश्न विचारत राहतात ते इथे एकदाचे लिहून टाकतेय.

वाचकांना वाचनालयाकडून नेमकं हवं काय असतं?

आमच्या कार्यकारिणीला खात्री होती की लोक एसी, वायफाय आणि ई-बुक मागणार. फॉर्म आले तर त्यात काय, "जे पुस्तक आहे म्हणता ते जागेवर असू द्या", "पाटीवर संध्याकाळी पाच लिहिलंय तर पाचला उघडा", "मागच्या खोलीतली ट्यूब बदला", "बाथरूमची किल्ली काउंटरला मागायला लावू नका". वायफाय आलं, नाही असं नाही, पण ते अभ्यासिकेतल्या पोरांनी लिहिलेलं. बाकी सगळ्यांना एवढंच हवं होतं की फेरी फुकट जाऊ नये. एक आजी दोन जिने चढून येतात, गुडघे धरून, आणि वर आल्यावर कळतं की ज्या कादंबरीसाठी आल्या ती "आत्ताच कुणीतरी नेली". आदल्या दिवशी फोनवर कुणी सांगितलं असतं तर एवढाच त्यांचा मुद्दा, आणि तो बरोबर आहे. आम्ही फोन उचलत नव्हतो, खरं सांगायचं तर फोन उचलायचं काम कुणाचं हेच ठरलेलं नव्हतं.

आम्ही सर्व्हे केला, जवळपास सगळे "समाधानी" आले. म्हणजे सेवा चांगली आहे ना?

नाही हो. निदान त्यावरून तसं म्हणता येत नाही.

एक तर फॉर्म कुणाला दिला? जे येतात त्यांना. जे वैतागून यायचे बंद झाले ते फॉर्म भरायला कुठून येणार. दुसरं, फॉर्म ग्रंथपालांच्याच हातात परत द्यायचा, वर नाव आणि सभासद क्रमांक लिहायचा, आणि मग परवा त्याच मॅडमकडे नवीन पुस्तकासाठी नंबर लावायचा, अशात कोण लिहील की मॅडम खेकसतात म्हणून?

पण तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ते माझ्या डोक्यात एका काकांमुळे शिरलं. काकांनी सगळीकडे "उत्तम" वर टिक केलेली. मी सहज विचारलं, काका हल्ली काय वाचताय, तर म्हणाले शेतीतल्या कीड नियंत्रणावर चांगलं नवीन काही शोधतोय, पुण्याला मुलगा आहे त्याला सांगितलंय आणायला. मी म्हटलं इथे का नाही मागितलंत? तर म्हणाले, "तुमच्याकडे नसणारच, म्हणून विचारलंच नाही." आता ह्यांच्या हिशेबाने आम्ही उत्तम आहोत, कारण त्यांनी आमच्याकडून अपेक्षाच काढून घेतलीय. सेवा वाढली नाही, अपेक्षा खाली आली आणि दोन्ही एका पातळीला आल्या की फॉर्मवर "समाधानी" उमटतं.

मग मोजायचं कसं?

ह्यावर बाहेर बरंच काम झालंय. दुकानं, बँका वगैरेंसाठी परशुरामन, झाइटमल आणि बेरी ह्या मार्केटिंगच्या तीन अभ्यासकांनी १९८८ साली सर्व्हक्वाल नावाची प्रश्नावली मांडली. कल्पना एवढीच की नुसतं "कसं वाटलं" विचारू नका, अपेक्षा काय होती आणि मिळालं काय हे वेगवेगळं विचारा आणि मधली फट मोजा. त्यात पाच बाजू धरल्यात: दिसणाऱ्या सोयी, भरवसा, तत्परता, माहितगारपणा आणि आपुलकी. पुढे २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांची संघटना आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठ ह्यांनी तीच कल्पना ग्रंथालयांसाठी घडवून घेतली, तिचं नाव लिबक्वाल. बावीस प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला एक ते नऊ अशा पट्टीवर तीन आकडे द्यायचे. कमीत कमी किती असलं तर चालेल, खरं तर किती हवंय, आणि सध्या किती मिळतंय.

समजा "पुस्तक पटकन सापडतं" ह्याला एखाद्याने किमान ५, हवं ८ आणि मिळतं ६ असं लिहिलं. मिळतं वजा किमान म्हणजे अधिक १, माणूस अजून सोडून जाणार नाही. मिळतं वजा हवं म्हणजे उणे २, माणूस खूशही नाही. पाच ते आठ हा त्याचा सहन करायचा पट्टा. आणि तिथे जर मिळतं ४ आलं तर समजा की तो पुढच्या वर्षी वर्गणी भरायला येत नाही.

काकांचं प्रकरण ह्याने बरोबर पकडलं जातं. मिळतं ३ पण किमान २ म्हणून ते समाधानी दिसतात, आणि हवं चा रकाना विचारला की तिथे ८ निघतो. नुसत्या "समाधानी / असमाधानी" मध्ये हा आठ कुठेच दिसत नाही.

हे अमेरिकन युनिव्हर्सिट्यांचं झालं, आमच्या दोन खोल्यांच्या वाचनालयाला काय उपयोग?

जसंच्या तसं नाही. त्यांचे बावीस प्रश्न तीन गटात पडतात, कर्मचाऱ्यांची वागणूक, माहिती स्वतःची स्वतः मिळवता येणं, आणि ग्रंथालय ही एक जागा म्हणून कशी आहे. गट आपल्यालाही लागू होतात, प्रश्न मात्र बदलावे लागतात. तिकडे साधारण असं दिसत आलंय की प्राध्यापक-संशोधकांची तक्रार जर्नल्सवर जास्त आणि पदवीच्या मुलांना जागेचं जास्त. आपल्याकडे जर्नल्सच्या जागी दिवाळी अंक घाला आणि जागेच्या जागी स्पर्धा परीक्षा घाला, चित्र फार वेगळं नाही!

आम्ही आठच प्रश्न ठेवले आणि नऊची पट्टी काढून पाचची केली, कारण पहिल्याच दिवशी एका आजोबांनी विचारलं की सात आणि आठ मध्ये फरक काय, आणि मला सांगता आलं नाही. तीन रकान्यांना नावं दिली "एवढं तरी हवंच", "असं असावं", "असं आहे". फॉर्म बिननावी, पेटीत टाकायचा, पेटी ग्रंथपालांनी उघडायची नाही. आणि वर्षभरात वर्गणी बंद केलेल्यांना फोन. हे फोन सगळ्यात अवघड गेले पण खरी माहिती तिथेच मिळाली. एक जण म्हणाले दुसरीकडे बदली झाली, ठीक, दुसऱ्या ताई म्हणाल्या, "मुलगी पुस्तक हाताळत होती तर ओरडले तिच्यावर, तेव्हापासून नाही आलो." असं फॉर्मवर कुणी लिहीत नाही.

सर्व्हे करायला वेळ आणि माणूस दोन्ही नाही. काहीतरी सोपं सांगा.

नाही-वही ठेवा. काउंटरला एक शंभर पानी वही, तुम्ही दिवसभरात जितक्या वेळा "नाही" म्हणाल तितक्या ओळी. पुस्तक नाही, आहे पण बाहेर गेलंय, आहे पण सापडत नाही, झेरॉक्स नाही, बसायला जागा नाही. तारीख आणि दोन शब्द, बस. महिन्याने वाचा. मागणी नोंदवही बऱ्याच ठिकाणी असते पण ती वाचकाने भरायची असते आणि तिला पेन बांधलेलं नसतं. ही आपण भरायची.

आणि आठवड्यातून एकदा दोन-चार वाचकांना विचारा, "असं कुठलं पुस्तक आहे जे तुम्ही आमच्याकडे मागितलंच नाहीत?"

कॉम्प्युटरवर पुस्तक दाखवतं, कपाटात नसतं. असं का होतं?

बरीच कारणं असतात. चुकीच्या कपाटात गेलं, बायंडिंगला गेलं, कुणी सभासद गाव सोडून गेले आणि पुस्तकही गेलं, किंवा वर्षानुवर्षं पडताळणीच (यादी आणि कपाट ताडून बघणं) झाली नाही त्यामुळे रजिस्टरमध्ये पुस्तकाचा दाखल क्रमांक जिवंत आणि पुस्तक कधीच गेलेलं. पडताळणी करून हरवलेली पुस्तकं बाद करायला कार्यकारिणी घाबरते, कारण आकडा कमी होतो आणि ग्रंथसंख्येवर वाचनालयाचा सरकारी दर्जा ठरतो, आणि दर्जावर अनुदान. म्हणजे कागदावर भरलेलं वाचनालय आणि काउंटरला "बघते हं, आत्ता सापडत नाहीये". वाचकाला ग्रंथसंख्या किती ह्याच्याशी काहीही देणंघेणं नसतं हे इथे लक्षात घ्यायला हवं.

मराठीत सर्च केलं की पुस्तक सापडत नाही, इंग्रजीत केलं की सापडतं. हा काय प्रकार?

हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबेल.

बऱ्याच वाचनालयांनी याद्या पहिल्यांदा टाइप केल्या त्या युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी, डीव्हीबी वगैरे. ती डीटीपीची, म्हणजे छपाईच्या मांडणीची, पद्धत होती, स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते. नंतर कोहा किंवा ई-ग्रंथालय सारख्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती यादी ओतली की काही नोंदी नीट येतात, काहींचे काना-मात्रे उडतात. कोहा फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी २००० च्या सुमारास बनलेलं आणि आज जगभर चालतं, त्याचा दोष नाही. दोष आपण आत काय भरलं त्याचा.

मग ऱ्हस्व-दीर्घ. नोंद करणाऱ्याने "दूर्ग" लिहिलं, वाचक बरोबर "दुर्ग" टाइप करतोय, शून्य निकाल. मग लेखकाचं नाव, आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षरांमध्ये टिंब आहे का, टिंबानंतर जागा आहे का. आणि सगळ्यात छळवादी म्हणजे "वाऱ्यावर" मधला तो अर्धा र. तो दोन वेगवेगळ्या पद्धतीने टाइप करता येतो, डोळ्याला अगदी सारखा दिसतो पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. वाचक बिचारा समजतो पुस्तकच नाही, आणि निघून जातो.

उपाय म्हणजे नोंदी करताना एक नियमांचा कागद भिंतीला चिकटवणे, आणि नावाचं रोमन लिपीतलं रूपही टाकून ठेवणे कारण निम्मे लोक मोबाइलवर तसंच शोधतात. कंटाळवाणं काम आहे, उद्घाटनाला पाहुणा बोलावता येत नाही, म्हणूनच होत नाही.

नवीन पुस्तकं इतकी उशिरा का येतात?

पैसे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, पण त्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ६ टक्के ग्रंथालय उपकर घेतात, तमिळनाडूत १० टक्के, आपल्याकडे सरकार अनुदान देईल तेवढं. वाचनालयं बहुतेक संस्थांची, सरकारची नव्हेत, आणि अ, ब, क, ड अशा दर्जाप्रमाणे अनुदान, ते हप्त्याने. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचं वर्षाचं ३० हजारांवरून ४८ हजार झालं. त्यातला निम्मा भाग पगारावर धरला तर २४ हजार, म्हणजे महिन्याला २ हजार रुपये. उरलेल्या २४ हजारात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, भाडं, झाडू, बायंडिंग. आता तुम्हीच सांगा.

त्यात २०१२ मध्ये सरकारने राज्यभर वाचनालयांचीच पडताळणी केली, त्यानंतर बरीच वर्षं नवीन मान्यता आणि दर्जावाढ बंदच होती. वाचनालय वाढलं तरी दर्जा तिथेच.

तरीही एक सांगते, सगळं पैशावर ढकलू नये. आमच्याकडे वर्षातून एकदा मार्चमध्ये घाईघाईने एकगठ्ठा खरेदी व्हायची, जास्त सवलत देणाऱ्याकडून, त्यात कुणी न मागितलेली पुस्तकंच जास्त. तेवढ्याच पैशात नाही-वही समोर ठेवून दर दोन महिन्यांनी थोडी थोडी घेतली तर वाचकाला वाटतं की नवीन येतंय. सवलत कमी मिळते, पुस्तक वाचलं मात्र जातं.

कर्मचारी तुसडेपणाने का बोलतात?

वरचा २ हजाराचा आकडा परत वाचा.

ते झालं, पण तुसडेपणाला ते पूर्ण कारण नाही, मी स्वतः तशी वागलेय म्हणून सांगते. आम्हाला शिकवलेलंच असतं की पुस्तक ही संस्थेची मालमत्ता, हरवलं तर तुमची जबाबदारी. मग प्रत्येक वाचक संशयित वाटायला लागतो आणि कपाटाला कुलूप हीच उत्तम सेवा. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच "ग्रंथ उपयोगासाठी आहेत" आणि चौथा "वाचकाचा वेळ वाचवा". त्यांच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, म्हणजे ग्रंथपाल दिनाला आम्ही दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि हार घालून झाल्यावर कपाटांना कुलपं परत लावतो.

आम्ही दोन कपाटं उघडी केली, फक्त दोन, कथा-कादंबऱ्या आणि चरित्रं. तिथे लोक उभे राहून चाळायला लागले, एकमेकांना सुचवायला लागले. चोरीची भीती होती ती काही फार खरी ठरली नाही.

अभ्यासिकेतली मुलं आणि जुने वाचक ह्यांची भांडणं होतात. वाचनालय कुणासाठी?

दोघांसाठी म्हणणं सोपं आहे, टेबलं तेवढीच असतात.

एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीची मुलं तासन्‌तास बसतात, त्यांना आमचं एकही पुस्तक नको असतं, स्वतःच्या नोट्स घेऊन येतात. त्यांना खुर्ची, उजेड, पाणी, चार्जिंगचा पॉइंट आणि शांतता. घरी एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, म्हणून ती इथे येतात, आणि त्यांच्या दृष्टीने वाचनालय म्हणजे हेच. पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना मात्र दोन शब्द बोलायचे असतात, अग्रलेखावर थोडा वाद घालायचा असतो. एका मुलाने "काका शांत बसा" म्हटलं आणि आजोबांनी अनामत परत मागितली.

सर्व्हेत दोघांची सरासरी काढली तर "शांततेबाबत ठीक" असं येतं, जे दोघांच्याही बाबतीत खोटं आहे. म्हणून फॉर्म वेगळे मोजा, रंग वेगळा ठेवा. आम्ही पेपरचं टेबल व्हरांड्यात हलवलं, पत्रा घातला, तिथे बोललं तरी चालतं. पावसात जरा ओलं होतं.

महिला वाचक कमी का झाल्या?

सगळे म्हणतात मालिका आणि मोबाइल. आमच्या फोनवर मात्र दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक, वेळ. आम्ही सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं ठेवायचो, नेमक्या स्वयंपाकाच्या वेळा, आणि दुपारी दोन ते चार ज्या वेळात घरातलं आवरून बाईला जरा मोकळं होता येतं तेव्हा कुलूप. दोन, ती बाथरूमची किल्ली. चार पुरुष बसलेत त्यांच्यासमोर काउंटरला जाऊन किल्ली मागायची, त्यापेक्षा घरी गेलेलं बरं. ही गोष्ट इतकी वर्षं एकाही सभेच्या इतिवृत्तात नव्हती, कारण सभेत बाईच नव्हती. बुधवारी दुपारी उघडायला सुरुवात केलीय, किल्ली काढून टाकलीय. बघू.

संशोधक, जुनं काही शोधणारे, त्यांचं काय?

त्यांची अपेक्षा अगदी वेगळी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३, मुंबईचं १८९८. अशा ठिकाणी लोक लांबून येतात ते नवीन कादंबरीसाठी नाही तर जुन्या मासिकांच्या फायलींसाठी. त्यांना आधीच कळायला हवं असतं की अमुक वर्षाचा अंक आहे का, बघता येईल का, फोटो काढू द्याल का. पान हाताळलं की तुटतं हे खरं, पण "आहे की नाही" एवढं सांगायला पान उघडावं लागत नाही, यादी नेटवर टाकावी लागते. तेवढीही नसेल तर माणूस एसटीने येऊन परत जातो.

गोव्यात म्हणे छान आहे?

पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, २०१२ पासून शहरातल्या पाटो भागात नवीन मोठी इमारत आहे, लहान मुलांचा विभाग, मराठी-कोंकणी-पोर्तुगीज सगळं. पण ते सरकारी आहे, आमच्यासारख्या संस्थेशी थेट तुलना करू नका. मुलांचा विभाग मात्र जाऊन बघण्यासारखा.

ई-बुक दिली की सगळे प्रश्न सुटतील ना?

नाही. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे, शोधगंगेवर प्रबंध आहेत, काउंटरवरून हे दाखवणं ही चांगली सेवा आहे आणि आम्ही दाखवतो. पण नुकतीच आलेली मराठी पुस्तकं त्यात नसतात, आणि आजींना कागदच हवा असतो.

मी सभासद आहे, तक्रार करून काही होत नाही. पुढे काय करू?

सूचनापेटीवर विसंबू नका, आमची एकदा उघडली तर आत चॉकलेटचे कागद होते. वाचनालय ही बहुधा संस्था नोंदणीच्या १८६० च्या आणि सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यांखाली नोंदलेली संस्था असते, वर्षाला सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि तिथे सभासद म्हणून तुम्हाला विचारता येतं (मतदान आजीव सभासदांना की सगळ्यांना ते संस्थेच्या घटनेत बघा). सभेला गणपूर्ती होत नाही, अर्ध्या तासाने तीच सभा परत भरते आणि दहा मिनिटांत चहा येतो. तिथे पाच वाचक जरी कागद घेऊन बसले तरी चहा लांबतो. प्रश्न साधे विचारा, वर्षभरात किती पुस्तकं घेतली, त्यातली किती एकदा तरी घरी गेली, शेवटची पडताळणी कधी झाली.

आणि ते कीड नियंत्रणाचं पुस्तक?

मागवलं. काकांना फोन केला तर म्हणाले मुलाने आणलं होतं आधीच, पण तुमचंही बघतो. घेऊन गेलेत, मुदत संपून नऊ दिवस झाले, अजून आणून दिलेलं नाही.